पत्र्याच्या शेडला अस्तर

घराच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभी करणे हे आता दोन-चार दिवसांचे काम झाले आहे. चार कोपऱ्यांना लोखंडी खांब, त्यांवर कैची, कैचीवर आडव्या पट्ट्या आणि वर नालीदार पत्रे, एवढे झाले की शेड तयार होते. तिच्यात जळण, सायकल आणि मोडके सामान असेपर्यंत तिच्याविषयी कोणाची तक्रार नसते. परंतु पुढे एखादा निवृत्त फिटर तेथे टेबल मांडून व्हाइस बसवितो, किंवा एखादा सुतार आपले रंधे आणि पटाश्या घेऊन तेथे येतो, आणि मग त्या शेडचे खरे स्वरूप कळू लागते. वैशाखात सकाळी दहानंतर तेथे उभे राहवत नाही. आषाढात पावसाच्या आवाजापुढे शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. पौषातल्या पहाटे आकाशात ढगाचा मागमूस नसतानाही छपरातून थेंब ठिबकतात, आणि काल स्वच्छ पुसून ठेवलेल्या पटाशीवर तांबूस डाग दिसतो.

याचा दोष बहुधा पत्र्याला दिला जातो. वस्तुतः पत्र्याने आपले काम चोख बजावलेले असते. पाऊस अडविणे हे त्याचे काम. माणसाला आणि त्याच्या हत्यारांना मानवेल अशी हवा राखणे हे त्याचे काम कधीच नव्हते. नालीदार पत्र्याचा जन्मच मुळी गोदीच्या कामासाठी झाला. लंडनच्या गोदीतील अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. सपाट पातळ पत्रा स्वतःच्या वजनानेच वाकतो. पण त्यालाच लाटांसारख्या नाल्या पाडल्या की तो ताठ राहतो आणि थोड्या आधारावर मोठे अंतर झाकतो, ही त्यातील युक्ती. पुढे १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या रीतीचे पेटंट घेतले, आणि गंजाला तोंड देणारा, हलका, स्वस्त पत्रा जगभर पोहोचला.

या पत्र्याखाली माणसांना राहावयाचे असेल तर आणखी काहीतरी करावे लागते, हे मात्र लोकांच्या लवकरच ध्यानात आले. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ब्रिटिश सैन्यातील अभियंता पीटर निसेन यांनी सैनिकांसाठी कमानीच्या आकाराची पत्र्याची झोपडी तयार केली. तिला बाहेरून नालीदार पत्रा होता, पण आतून लाकडी फळ्यांचे अस्तर होते. आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. १२ जून १८९७ च्या भूकंपात आसाम आणि शिलाँगच्या परिसरातील दगडविटांच्या इमारती कोसळल्या. त्यानंतर तेथे लाकडी सांगाड्याची, बोरूच्या कुडाच्या गिलावा केलेल्या भिंतींची आणि वर पत्रा घातलेली हलकी घरे रूढ झाली. ‘आसाम पद्धतीची घरे’ म्हणून ती ओळखली जातात. या घरांत पत्र्याखाली वेगळे छत असते, आणि पत्रा व छत यांच्यामध्ये हवेची चांगली ऐसपैस पोकळी असते. माणूस पत्र्याखाली नव्हे, तर त्या पोकळीखाली राहतो. शेडला अस्तर लावण्याच्या साऱ्या शास्त्राचे मर्म या एका रचनेत सापडते.

प्रथम उष्णतेचा विचार करू. उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी सूर्याकडून जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट एवढी ऊर्जा पडत असते. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब अशी लहानशी शेड घेतली, तर तिच्या छपरावर एकेक किलोवॅटच्या बारा विजेच्या शेगड्या पेटवून ठेवल्यासारखे होते. यातील काही ऊर्जा परावर्तित होते, काही वारा वाहून नेतो, आणि उरलेली पत्र्यात शिरते. पत्र्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तेवढी जाडी ओलांडण्यास उष्णतेला काही क्षणही पुरतात. जुना, काळवंडलेला पत्रा अशा वेळी साठ अंश सेल्सियसच्या पुढे सहज तापतो. मग तो नुसती हवाच तापवीत नाही, तर पेटलेल्या चुलीसारखा खालच्या माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यांवर प्रत्यक्ष किरणांनी उष्णता टाकीत राहतो. म्हणूनच अशा शेडमध्ये पंखा लावूनही तलखी जात नाही. पंखा हवा हलवितो, पण वरून येणारे किरण त्याला अडविता येत नाहीत.

हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही. घामेजलेल्या हाताची पकड सुटते, आणि फिरत्या यंत्रापाशी एक निसटता क्षणही महाग पडतो. घामातील क्षार पोलादावर बोटांचे ठसे गंजाने उमटवितात. मापेही बिघडतात. तीनशे मिलिमीटर लांबीची पोलादी पट्टी पंधरा अंशांनी तापली, तर ती सुमारे पाच शतांश मिलिमीटरने वाढते. सकाळी बेताने बसणारा दट्ट्या दुपारी का अडकतो, याचे उत्तर पुष्कळदा कारागिराच्या हातात नसून त्याच्या डोक्यावरील छपरात असते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तेराव्या कलमात, भिंती आणि छप्पर अशा सामग्रीचे व अशा रचनेचे असावे की आतील तापमान शक्य तितके कमी राहील, असा दंडक घालण्यात आला होता. परंतु त्या अधिनियमाची सर्वसाधारण मर्यादा यंत्रशक्ती असलेल्या ठिकाणी दहा कामगारांची होती. अंगणातील शेडमध्ये बाप आणि मुलगा, किंवा एकटा कारागीर काम करतो. त्याच्या छपराची पाहणी करावयास कोणी निरीक्षक येत नाही. त्याचा निरीक्षक त्यालाच व्हावे लागते.

उष्णतेचा बंदोबस्त करावयाचा तो बाहेरून आत, या क्रमाने. ऊन पत्र्यात शिरण्यापूर्वीच परतविणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. त्यासाठी छपराला उन्हे परतविणारा पांढरा रंग देतात. अहमदाबाद शहराने २०१० च्या मे महिन्यातील भीषण उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. पुढे त्या शहरात गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्याचे कामही हाती घेण्यात आले. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये शीतल छपरांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले. या लेपाने आतील तापमान काही अंशांनी उतरते. साध्या चुन्याचा हात मात्र पहिल्या पावसाळ्यात धुपून जातो, आणि चांगल्या रंगावरही धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो. तेव्हा दर उन्हाळ्यापूर्वी छप्पर धुण्याचे काम अंगावर घ्यावेच लागते. कोकणात छपरावर नारळीचे झाप पसरतात. त्यांची सावलीही उपयोगी पडते, पण शेडमध्ये ठिणग्या उडणारे काम होणार असेल तर हा मार्ग टाळलेला बरा.

त्यानंतर येतो उष्णता अडविणारा थर. येथे पुष्कळांचा असा समज असतो की पदार्थ जितका घट्ट आणि जड, तितका तो उष्णता अधिक अडवितो. खरी गोष्ट याच्या उलट आहे. स्थिर हवेसारखा उष्णतारोधक स्वस्त पदार्थ दुसरा नाही. तिला जागच्या जागी डांबून ठेवणे एवढेच काम बाकीच्या पदार्थांनी करावयाचे असते. पोलादाची उष्णतावाहकता शास्त्रीय मापाने सुमारे ५०, विटेची सुमारे ०.७, लाकडाची ०.१३ च्या आसपास, दगड वितळवून काढलेल्या लोकरीची, म्हणजे रॉकवूलची, सुमारे ०.०४, आणि स्थिर हवेची सुमारे ०.०२५ आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की रॉकवूलचा पन्नास मिलिमीटरचा थर नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा सुमारे साडेतीन ते चार पट अधिक उष्णता अडवितो. मात्र ही लोकर दाबून बसविली की तिच्यातील हवा निघून जाते, आणि भिजली की हवेची जागा पाणी घेते. दोन्ही प्रसंगी तिचा गुण नाहीसा होतो. म्हणून लोकर ना दाबावी, ना भिजू द्यावी.

अलीकडे अॅल्युमिनियमचा चकचकीत वर्ख लावलेल्या गुंडाळ्या बाजारात मिळतात आणि शेडच्या मालकांना त्यांचे मोठे आकर्षण असते. हा वर्ख खरोखर गुणकारी आहे, पण एका अटीवर. त्याच्या चकाकत्या अंगासमोर किमान वीस-पंचवीस मिलिमीटर हवेची पोकळी असली पाहिजे. वर्ख किरणांच्या रूपाने येणारी उष्णता परतवितो, आणि तापल्यावर स्वतःही किरण फारसे सोडत नाही. परंतु तो पत्र्याला चिकटून बसविला तर उष्णता किरणांच्या वाटेने न येता स्पर्शाने येते, आणि तेथे त्याची चकाकी निरुपयोगी ठरते. पत्र्याला खालून वर्ख चिकटवून आणि त्यालाच फळ्या ठोकून जो पैसा खर्च होतो, तो पुष्कळसा वाया जातो. पत्र्याखाली आधी लाकडी रिपा बसवून पोकळी राखावी आणि मग वर्ख ताणावा, म्हणजे त्याच पैशाचे सार्थक होते.

आता पाण्याचा विचार. पावसाचे पाणी दिसते, म्हणून त्याचा बंदोबस्त होतो. हवेतील बाष्प दिसत नाही, म्हणून ते अधिक घातक. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकीत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. हवेचे तापमान वीस अंश आणि आर्द्रता ऐंशी टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे साडेसोळा अंश असतो. म्हणजे पत्रा हवेपेक्षा अवघा चार अंशांनी थंड झाला तरी त्याच्या खालच्या अंगाला दव धरू लागते. पौषातील ते गूढ थेंब छपराच्या भोकांतून आलेले नसतात. शेडमधील हवेनेच ते पत्र्याला दिलेले असतात. थेंब पडला नाही तरी हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांपलीकडे गेली की उघड्या पोलादावर गंज वेगाने चढू लागतो, आणि आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात ती त्याहून कितीतरी जास्त असते.

अस्तर लावताना होणारी सर्वांत मोठी चूक येथेच होते. अस्तरामागे बाष्प शिरले आणि त्याला बाहेर पडण्यास वाट नसली, तर ते थंड पत्र्यावर निवते, लोकर भिजविते, रिपा कुजविते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र गुळगुळीत प्लायवुडखेरीज काही दिसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर अस्तर काढावे तेव्हा पत्र्याची चाळण झालेली आढळते. यावर उपाय असा की पत्रा आणि उष्णतारोधक थर यांच्यामध्ये अडीच ते पाच सेंटिमीटरची पोकळी ठेवावी, आणि ती वळचणीपाशी खाली व आढ्यापाशी वर उघडी असावी. पोकळीतील हवा तापली की वर चढून आढ्यातून निघून जाते आणि वळचणीतून नवी हवा आत येते. दिवसा ती उष्णता नेते आणि एरवी बाष्प नेते. दोन्ही तोंडांना बारीक जाळी मात्र हवी. अन्यथा चिमण्या आणि उंदीर तेथे बिऱ्हाड करतात.

बाष्प अडविणारा प्लॅस्टिकचा पडदा कोणत्या बाजूस असावा, याचे उत्तर मात्र गावोगाव बदलते. शिमल्यासारख्या थंड ठिकाणी आत शेगडी पेटविली जाते. तेथे बाष्प उबदार आतल्या बाजूकडून थंड पत्र्याकडे जाते, म्हणून पडदा आतील अस्तराच्या लगेच मागे हवा. मुंबई-चेन्नईसारख्या दमट गावी शेडमध्ये वातानुकूलन यंत्र बसविले, तर बाष्पाची दिशा उलटी होते आणि पडदा थराच्या बाहेरच्या बाजूस लागतो. जेथे ना शेगडी ना वातानुकूलन, अशा साध्या शेडला पडद्यापेक्षा मोकळी पोकळी अधिक मोलाची. दिल्लीतील एखाद्याने शिलाँगची रीत, किंवा रत्नागिरीतील एखाद्याने शिमल्याची रीत जशीच्या तशी उचलणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

सामग्री निवडताना आगीचा विचार आधी करावा, किमतीचा नंतर. थर्मोकोल स्वस्त, हलका आणि कापावयास सोपा, म्हणून तो सर्रास वापरला जातो. परंतु ऐंशी अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो, आणि पेटला तर काळा, गुदमरविणारा धूर सोडीत वितळून ठिबकतो. जेथे वेल्डिंग होते किंवा सहाणयंत्राच्या ठिणग्या उडतात, तेथे तो उघडा ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. अशा शेडला रॉकवूल हाच योग्य थर. तो पेटत नाही. तो हाताळताना मात्र हातमोजे घालावे आणि नाकातोंडावर फडके बांधावे, कारण त्याचे तंतू त्वचेला व घशाला टोचतात. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पोकळीत भरण्याची जुनी रीतही आहे. तो कालांतराने खाली बसतो, ओल धरतो आणि किडीला आश्रय देतो, हे ध्यानात ठेवावे.

आतील अस्तरासाठी जेथे हत्यारे टांगावयाची तेथे बारा मिलिमीटरचे, पाण्याला टिकणारे प्लायवुड उत्तम. भिंतीवर कोठेही खुंटी मारता येते, ही त्याची मोठी सोय. जेथे ठिणग्या उडतात त्या कोपऱ्यात मात्र प्लायवुडऐवजी सिमेंटचे न जळणारे तक्ते लावावे. अस्तर जमिनीला टेकू देऊ नये. खाली चार बोटे मोकळी ठेवली म्हणजे फरशी धुताना ते भिजत नाही आणि वाळवीची माती चढू लागली तर लगेच दिसते. तक्ते खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने बसवावेत. आज ना उद्या त्यांच्या मागे पाहण्याची वेळ येते, आणि जे उघडता येत नाही ते दुरुस्तही करता येत नाही. तक्ते आणि लोकर यांच्या जोडीने पावसाचा आवाज पुष्कळ उतरतो, हा लाभ वेगळा मोजावा लागत नाही.

विजेविषयी अधिक सावध राहावयास हवे. पत्र्याची शेड ही सर्वांगाने विद्युद्वाहक असते. अस्तरामागे उघडी तार सोडली आणि पुढे कोणी खुंटीसाठी स्क्रू मारताना ती तिच्यातून गेली, तर सारी शेड एका क्षणात प्रवाहाखाली येऊ शकते. म्हणून तारा नळीतून न्याव्या, त्यांचा मार्ग तक्त्यावर रंगाने आखून ठेवावा, शेडचा सांगाडा व्यवस्थित भूसंपर्कित करावा, आणि तीस मिलिॲम्पियरच्या गळतीवर प्रवाह तोडणारा स्विच बसवावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. एवढ्यावर खर्च वाचविणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

या सर्वांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याने छपरावर पाणी सोडून गळती शोधावी. दिवसरात्रीच्या पन्नास अंशांच्या फरकाने तीन मीटरचा पत्रा सुमारे दोन मिलिमीटर लांब-आखूड होत असतो; त्यामुळे हूक आणि वायसर सैल होतात, तेव्हा झिजलेले वायसर बदलावे आणि गंज घासून तेथे रंग द्यावा. दुसऱ्याने वरून पांढरा लेप. तिसऱ्याने रिपा आणि पोकळी, मग उष्णतारोधक थर, मग तारा, आणि सर्वांत शेवटी अस्तराचे तक्ते. भिंतीत खाली आणि समोरासमोर झडपा ठेवल्या तर कामाच्या जागी वारा खेळतो आणि रंगाचा, भुशाचा व धुराचा निचराही होतो. पोकळीतील वारा हा त्याला पर्याय नव्हे.

एकदम सारे करण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. अशा वेळी पुष्कळजण सुरुवात शेवटापासून करतात. दिसावयास चांगले म्हणून प्लायवुड आधी लावतात आणि बाकीचे पुढच्या वर्षावर ढकलतात. मग गळका पत्रा, कोंडलेले बाष्प आणि उघडी तार ही सारी त्या देखण्या तक्त्यांमागे जातात. ज्याच्याजवळ यंदा थोडेच पैसे आहेत, त्याने गळती बंद करावी, छप्पर पांढरे करावे आणि आढ्यापाशी हवेला वाट द्यावी. एवढ्यानेही पुढचा वैशाख सुसह्य होईल. पुढच्या वर्षी छपराखाली लोकरीचा थर घालावा, कारण बहुतेक उष्णता वरून येते, भिंती त्यानंतर. अशा क्रमाने गेलेल्या शेडमध्ये दुपारी दोन वाजताही हातातील कानस सरळ चालते, आणि संध्याकाळी पुसून ठेवलेली पटाशी सकाळी तशीच लखलखीत सापडते.